त्रिकोणाबाहेरचा बिंदू

आमच्या शाळेचे गणिताचे सर सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेले आणि भूमिती माझ्या गळ्यात पडली. मी खरा गाण्याचा शिक्षक, चर्चच्या गायकांना सूर लावून देणारा. पण आमच्या वावाउ बेटावर एकदा सर म्हटलं की माणसाला सगळं येतं असं लोक धरून चालतात. मीही धरून चाललो.

आदल्या दिवशी वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचं, अशी माझी भूमिती. त्रिकोणाच्या बाजूच्या एका टोकावर कंपास टेकवायचा, निम्म्याहून जास्त अंतर घेऊन दोन्हीकडे कंस काढायचे, मग तेच दुसऱ्या टोकावरून. कंस छेदतात तिथून रेघ मारली की झाला लंबदुभाजक. तिन्ही बाजूंचे दुभाजक एका बिंदूत भेटतात. पुस्तकातल्या आकृतीत तो बिंदू त्रिकोणाच्या पोटात होता, म्हणून माझ्या मते तो पोटातच असायला हवा होता.

लोसालिने ही मासे धरणाऱ्या मोसेसेची मुलगी, वर्गात सगळ्यात हुशार. तिने फळ्यावर चांगला पसरट त्रिकोण काढला आणि तिचा बिंदू गेला बाहेर.

"काय गं, बिंदू पोहायला गेला वाटतं?" मी म्हणालो.

वर्ग खो-खो हसला. मागच्या बाकावरून पाउला नावाचा पोरगा ओरडला, "बापाच्या होडीत बसून गेला, सर!"

"पण सर, मी दोनदा काढून…"

"म्हणजे दोनदा चुकलीस. बस खाली."

तिची आकृती मी तळहाताने पुसली. तिने मान खाली घातली. आमच्यात मोठ्यांपुढे दुसरं काही करत नाहीत.

संध्याकाळी मी घरी तोच त्रिकोण चार वेळा काढला. चारही वेळा बिंदू बाहेर. एक कोन काटकोनाहून मोठा असला की तो बाहेरच जातो. पुढच्याच पानावर तसं छापलं होतं, मी पान उलटलं नव्हतं इतकंच. माझे कान तापले. उद्या वर्गात सांगून टाकू म्हटलं. उद्या सांगितलं नाही. परवा तपासणीला साहेब आले, आणि मग तो धडाच मागे पडला. खोटं कशाला बोलू, चाळीस पोरांपुढे चूक कबूल करायची माझी छाती झाली नाही.

महिन्याने राजधानीतल्या मोठ्या शाळेची प्रवेशपरीक्षा आली. गावातून एकच मूल जाणार आणि ती लोसालिने, असं सगळे म्हणत होते. वर्गावर देखरेखीला मीच. नेमका पसरट त्रिकोणच विचारला होता. मी तिच्या बाकापाशी थांबलो. तिचा बिंदू बाहेर होता, अगदी बरोबर. मला हायसं वाटलं. तेवढ्यात तिने वर पाहिलं, मी दिसलो, आणि तिने खोडरबर उचलला. सरळ रेघा पुसून वाकड्या काढल्या आणि बिंदू आत आणून ठेवला.

परीक्षेत बोलायला बंदी असते. त्या नियमामागे मी लपलो. पण तिथे थांबायला मला कोणी सांगितलं होतं?

दोन गुणांनी तिची जागा हुकली.

माफी मागायला जाताना आमच्यात गुंडाळतात तशी मी कमरेला चटई गुंडाळली आणि मोसेसेच्या दारात जाऊन खाली बसलो. फळ्यापासून परीक्षेपर्यंत सगळं सांगितलं. "लोसालिने, तुझा बिंदू बरोबर होता. चुकलो मी होतो."

"माहीत होतं, सर."

"मग खोडलंस का?"

"तुम्ही शेजारी उभे होतात." ती जमिनीकडे बघत म्हणाली. "तुमच्या डोळ्यांदेखत तुम्हाला खोटं कसं पाडू?"

मोसेसेचा चेहरा फुलला. अळूच्या पानात शिजवलेल्या मांसाची पुडी उलगडून त्याने माझ्यापुढे सरकवली.

"जागेचं सोडा हो," तो म्हणाला, "पोरीला वळण मात्र चांगलं लावलंत, सर. जेवा."

 नको म्हटलं असतं तर त्याचा अपमान झाला असता, म्हणून मी मान खाली घालून सगळं संपवलं.