जोडपंखी

सासूबाई फेब्रुवारीत गेल्या आणि मार्च संपता संपता चिझुरू आणि हिसाओ ओसाकातली भाड्याची जागा सोडून उजीला, हिसाओच्या वडिलांकडे राहायला आले. तोमेझो ब्याऐंशीचे, एकट्याने राहणे त्यांना झेपले नसते. घर आटोपशीर होते आणि जेवणाच्या खोलीच्या सरकत्या दारासमोरच सासूबाईंनी हौसेने वाढवलेले मोमिजीचे, म्हणजे जपानी मेपलचे झाड होते. त्याच्या बोटांसारख्या पानांचे कौतुक शेजारीपाजारी अजूनही करत.

बिया मे महिन्यात लागल्या, दोन दोन पंख जोडलेल्या, लालसर. तेव्हा चिझुरूला त्या गोजिरवाण्या वाटल्या होत्या. ऑक्टोबरात त्या वाळून भिरभिरत खाली येऊ लागल्या आणि मग कुठेही सापडू लागल्या. टॉवेलच्या घडीत, चपलांत, आणि एका सकाळी तिच्या सूपच्या वाटीत. चॉपस्टिकने ती बाहेर काढताना चिझुरू शहारली. पंख कागदासारखे वाळलेले होते, पण मधला फुगीर भाग किड्याच्या पोटासारखा मऊ होता आणि चिमटीत किंचित दबला. तेवढ्यात तोमेझोंनी हात लांबवला, बी उचलली आणि तोंडात टाकली.

"अहो बाबा, थुंका ते!"

"का?" ते म्हणाले, आणि चघळत राहिले.

संध्याकाळी तिने हिसाओला सांगितले तेव्हा तो हसला. "खाऊ दे की गं. विष थोडंच आहे?"

"तू पाहिलं नाहीस. पंख ओठांबाहेर आले होते. हलत होते."

"चावताना ओठ हलणारच, त्यात काय?"

पुढे ती लक्ष ठेवू लागली. दुपारभर म्हातारा झाडाखाली बसून खाली पडलेल्या बिया वेचून चघळत असे, हनुवटीवर तपकिरी लाळ ओघळत असे, आणि बोलायला तोंड उघडले की हिरड्यांना चिकटलेले पंख दिसत. उशांच्या मागे, गादीच्या कडेला तिला चोथ्याचे गोळे सापडू लागले. काही वाळलेले असत, काही अजून ओले. ते उचलून टाकल्यावर कितीही साबण लावला तरी हाताला वास राही. तिचे स्वतःचे जेवण सुटले.

एका गुरुवारी तोमेझोंना वृद्धांच्या केंद्राची गाडी घेऊन गेली, तशी चिझुरू शिडी लावून झाडावर चढली आणि तिने बियांचा एकूण एक घोस कापला. जमिनीवरच्याही झाडून घेतल्या. कचऱ्याच्या तीन पिशव्या भरल्या. त्यांची तोंडे करकचून बांधून सोमवारच्या गाडीसाठी घरामागे ठेवून दिल्या.

परत आल्यावर तोमेझो बराच वेळ झाडाकडे बघत उभे राहिले. त्या रात्री ते जेवले नाहीत. शुक्रवारी पेज केली, त्यांच्या आवडीचा भोपळा शिजवला; त्यांनी ओठ मिटून घेतले. शनिवारी पाणीसुद्धा ओठांवरून ओघळून गेले. डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. आजार कुठलाच नाही, पण सोमवारपर्यंत पोटात काही गेले नाही तर भरती करावे लागेल, आणि या वयात मग भरवसा नाही, असे स्पष्ट म्हणाले.

"कुणी सांगितलं होतं झाडाला हात लावायला?" हिसाओने विचारले.

"मला किळस येते, हिसाओ. तुला येत नाही?"

"आईनं कधी तक्रार केली नाही."

रविवारी दुपारी तिनेच घरामागे जाऊन एक पिशवी सोडली. आत हात घातला तर ऊब होती, आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसला वास. मूठभर बिया काढून तिने त्यातल्या थोड्या तीळ वाटायच्या खलात कुटल्या आणि चमचा म्हाताऱ्याच्या ओठांशी धरला. त्यांनी मान फिरवली. मग हात उचलून एका बोटाने तिच्या खालच्या ओठाला स्पर्श केला.

"तुझ्या सासूला जमायचं," ते म्हणाले. तीन दिवसांतले ते पहिलेच शब्द.

हिसाओ दारात उभा होता. चिझुरूने त्याच्याकडे पाहिले. तो काहीतरी बोलेल, नको म्हणेल, म्हणून ती थांबली. त्याने नजर खाली वळवली.

तिने उरलेल्या अख्ख्या बिया तोंडात टाकल्या. पंख टाळूला चिकटले. मग मधला भाग फुटला आणि जे बाहेर आले ते कोमट होते. ती चावत राहिली, आणि तो लगदा तिने तळहातावर काढला. तोमेझोंनी तो जिभेने पुसून घेतला, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. चौथ्या घासाला त्यांच्या गालांवर रंग आला. ते स्वतःच्या बळावर उठून बसले आणि त्यांनी चहा मागितला.

"सूनबाई," ते समाधानाने म्हणाले, "छान झालंय हो."

हिसाओ आत आला. वडिलांच्या शेजारी गुडघे दुमडून, पंगतीला बसावे तसा ताठ बसला, शर्टाची बाही नीट केली, डोळे मिटले आणि तोंड उघडले.

चिझुरूला ओरडायचे होते. पण तिचा जबडा अजून हलत होता.