आभाळातल्यांची बारव

बहात्तरच्या दुष्काळात नेकनूरकडच्या त्या गावात पाणी उरलं होतं ते एका जुन्या बारवेच्या तळाशी. आणि सुग्रीवला कौतुक पाण्याचं नव्हे, दगडांचं! बीडच्या कॉलेजात त्याला उडत्या तबकड्यांचं वेड लागलं होतं. एवढाले दगड चुन्याशिवाय बसवणं माणसाचं काम नव्हेच, परग्रहावरून कोणी आले आणि बांधून गेले, असं तो भेटेल त्याला पटवत सुटायचा.

बारवेची प्रत्येक पायरी एकेका घराची, आजा-पणजापासून वाटून आलेली. चैत्रात ज्याने त्याने आपल्या पायरीचा गाळ उपसायचा. यंदा सुग्रीव काठावर उभा राहून तबकड्यांवर व्याख्यान झोडत राहिला. त्याच्या आईने, वच्छलाबाईने, एकटीने झेपेल तेवढा गाळ उपसला, बाकीचा तसाच राहिला. "तुज्या त्या लोकांना म्हणावं, एक पाटी उचलू लागा," ती म्हणाली. सगळे हसले. तोही हसला, लाज म्हणून वाटली नाही.

सुंदरराव हसले नाहीत. त्यांनी सुग्रीवचं ते बोलणं ध्यानात ठेवलं. होऊ घातलेल्या सहकारी साखर कारखान्याचे ते चेअरमन. शिवारात उसाचं टिपरू दिसत नव्हतं आणि कारखान्याच्या भिंती मात्र चढत होत्या. त्या ओल्या ठेवायला पाणी पाहिजे होतं.

एका सकाळी पाशा मिस्त्री त्यांच्या हुकमावरून ऑइल इंजिन घेऊन आला आणि बारवेत पाईप सोडू लागला. घागरी घेऊन आलेल्या बाया जागच्या जागी थांबल्या. सुग्रीव धावत आला.

"चेअरमनसाहेब, हे गावाचं पाणी हाय!"

"गावाचं कावून?" सुंदररावांनी गोड आवाजात विचारलं. "तुमच्या लोकांनी बारव बांधलीच न्हाई, असं चावडीवर तूच सांगत होतास न्हवं? आभाळातल्यांनी बांधली. मग ती जेवढी तुमची, तेवढीच सहकाराची. ज्यांनी बांधली त्यांना येऊ दे मागायला."

सुग्रीवच्या मस्तकात तिडीक गेली. माणसं तहानलेली असताना हा गृहस्थ भिंतींना पाणी पाजणार, आणि तेही आपल्याच तोंडचे शब्द पुढे करून!

"बकवास होती ती माझी!" तो ओरडला.

"तवा खरं आन आता बकवास का बे?" सुंदररावांच्या मागची माणसं खिदळली. सुग्रीवला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

वच्छलाबाईने घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ आपल्या पायरीवर उतरली. पाईप तिथूनच गेला होता. तो तिने बाजूला लोटला आणि मांडी ठोकून बसली.

"आलो की बांधणारे," ती म्हणाली. "बोला."

मग छबुबाई उतरली आणि तिच्या पायरीवर बसली. मग केशरबाई. मग एकेक करत सगळ्याच, ज्या त्या घराच्या पायरीवर. पाशाने इंजिनाच्या हँडलवरचा हात काढला. "साहेब, बायांच्या अंगावरून पाईप न्हाई सोडणार मी."

सुंदरराव लई बोलले, धमक्याही देऊन झाल्या. कोणी हललं नाही. ऊन चढल्यावर त्यांची जीप आणि पाशाचं इंजिन दोन्ही गेली.

सुग्रीव खाली मान घालून आईशेजारी बसायला गेला. तिने त्याच्या हातात पाटी दिली.

"बसतोस काय? तुजा गाळ हाय अजून तिथं. उपस. आन वर बघत उभा ऱ्हाऊ नगंस."