फळी उचलून बाहेर या

मी काउंटर बोलतोय. या, या, असे दारात का थांबलात? बघायला पैसे पडत नाहीत, ऐकायला तर मुळीच नाहीत.

जरा हात फिरवून बघा माझ्यावरून. लाकूड कुठलं ते विचारू नका, सुतारालाही नक्की माहीत नव्हतं. पण पक्कं आहे. पुढच्या कडेला पितळी पट्टी दिसते ना, ती कापड मोजायची. आणि डाव्या टोकाला ही बिजागरीवरची फळी. ती उचलली की आत जायची वाट.

सुताराने सगळ्यात जास्त वेळ या फळीवरच घालवला. दुकानाचा मालक वैतागला. "अहो, एवढं मोठं काउंटर झालं आणि ही वीतभर फळी होईना?"

सुतार म्हणाला, "मालक, काउंटर म्हणजे भिंतच की. भिंतीचं दार कुरकुरलं तर आतला माणूस आतच राहतो." मालकाला वाटलं, मजुरी वाढवायला बोलतोय. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मग कापडाच्या दुकानात माझी उमर गेली. माणूस बघावा तो काउंटरने. "नुसतं बघतोय" म्हणणारा दोन पिशव्या भरून नेतो, आणि "भाव विचारूच नका, उत्तम तेच दाखवा" म्हणणारा ठाणांचा डोंगर करून, पाणी पिऊन निघून जातो. भाव पटला नाही की गिऱ्हाईक उठतं आणि दाराकडे चालू लागतं. खरोखर जाणारं भराभर जातं. ज्याला घ्यायचंय ते दारात रेंगाळतं, बाहेर ऊन किती आहे ते बघतं. मालक हाक मारायची घाई करत नसे. "दारात थांबलं म्हणजे आपलंच," असं म्हणायचा.

मालक वागायला गोड, बोलायला त्याहून गोड. फक्त थांबत नसे. पावाला लोणी लावावं तसं प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलणं लावायचा.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. लहान मुलं आली की त्यांचं फक्त डोकं दिसायचं, मालक त्यांना गोळी द्यायचा. मोठी माणसं आली की त्यांच्यासाठी स्टूल. पण ज्यांची कोपरं नुकतीच माझ्यावर टेकू लागली होती, त्या वयाच्या पोरांना ना गोळी, ना स्टूल. एकदा एक मुलगा आईबरोबर शर्टाचं कापड घ्यायला आला. त्याचा हात सारखा पिवळ्या ठाणाकडे जायचा. मालकाने विचारलं, "रंग कोणता देऊ?" आई म्हणाली, "मळखाऊ द्या काहीतरी." टर्र करून करडं कापड फाडलं. शर्ट ज्याच्या अंगावर चढायचा होता, त्याला दोघांपैकी कुणी काही विचारलं नाही. आणि गंमत बघा, त्यात दोघांनाही काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

पुढे मालकाचे गुडघे दुखायला लागले, मुलगा जहाजावर नोकरीला गेला आणि दुकान बंद झालं. पण आयुष्यभराची बोलायची सवय जाते कुठे? मालक वस्तीच्या सभागृहाच्या कमिटीत गेला आणि बघता बघता अध्यक्ष झाला. मला मोडीत काढायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने मला सभागृहामागच्या रिकाम्या खोलीत नेऊन ठेवलं.

खोली काही फार दिवस रिकामी राहिली नाही. तिथे ताई आली. वस्तीतल्या तरुण पोरापोरींसाठी काम करायला नेमलेली. केस आखूड, पिशवी मोठी, बोलणं मोजकं. मुलं जमली की ती एवढंच विचारायची, "काय करूया?" आणि मग गप्प बसायची. पोरांना आधी वाटलं, हिला काही येत नसणार.

मी मात्र ओळखलं. ही धंद्यातली आहे. ठाण उलगडून ठेवायचं आणि तोंड मिटायचं, हे फार थोड्यांना जमतं. बडबड्या दुकानदाराचा माल तसाच राहतो.

गप्प बसून कंटाळलेली पोरं शेवटी बोलू लागली. कुणाला सायकली दुरुस्त करायच्या होत्या, कुणाला ढोल बडवायचा होता. लंबू नावाचा एक उंचाडा पोरगा होता, त्याला नाटक करायचं होतं, कारण घरी सगळे म्हणायचे, "पुरे तुझी नाटकं." सगळं सुरू झालं. भांडणंही झाली. ताई मध्ये पडायची नाही. फार झालं तर माझ्यावर चहाची किटली आपटायची.

त्या चहाच्या किटलीमागे उभी राहायची पुडी. तिच्या आईचं दाण्याफुटाण्यांचं दुकान. पोरगी कागदाची पुडी इतकी झरझर बांधायची की नावच पडलं. माणसांत बसली की मान खाली, "हो", "नाही", संपलं. पण फळी उचलून माझ्या मागे आली की निराळीच.

"लंबूशेठ, चहा हवा तर आधी कालचा कप विसळा."

"पुडे, गिऱ्हाईक म्हणजे देव असतो."

"देव कप विसळून ठेवतात. तुम्ही भुतं दिसताय."

मग आला तरुणांचा दिवस. कमिटीने मोठ्या हौसेने कार्यक्रम ठरवला. 'तरुणांनो, पुढे या' असा फलक लागला, आणि तो लावायला शिडीवर चढले तरुण. खुर्च्या त्यांनीच मांडल्या, पाणी त्यांनीच फिरवलं. व्यासपीठावर मात्र सगळी पांढरी डोकी. एकाने तरुणांनी कसं बोलावं यावर भाषण केलं. दुसऱ्याने तेच जरा सावकाश केलं. आमच्या अध्यक्षाने तर तीन वेळा "शेवटी एवढंच सांगतो" म्हटलं आणि तीनही वेळा शब्द मोडला. हे सगळं मला मागच्या खोलीत ऐकू येत होतं, लाउडस्पीकर चांगला होता.

सगळ्यात शेवटी, लोक चपला शोधायला लागल्यावर, कुणाला तरी आठवलं. "अरे, एखाद्या तरुणालाही बोलू द्या! आभार तरी मानू द्या!" समोर पाण्याचा तांब्या घेऊन पुडी उभी होती. तिच्या हातात माइक दिला.

पुडीच्या तोंडून शब्द फुटेना. माइकमधून तिच्या श्वासाचा आवाज तेवढा आला. मग कुणीतरी हसलं, आणि ती तांब्या तिथेच ठेवून मागच्या खोलीत पळाली. माझ्या मागे, फळीखाली येऊन बसली. गुडघे पोटाशी घेऊन.

बाहेर अध्यक्ष म्हणत होते, "बघा! संधी दिली तर ही अवस्था. खोली यांना, ताई यांना, आणि बोलायला एकही तयार नाही. पुढच्या बैठकीत ठरवून टाकू. खोलीत आपल्या स्वतःच्या खुर्च्या विकत घेऊन ठेवू, दर वेळी भाड्याने आणायचा त्रास नको." म्हणजे तरुणांच्या कार्यक्रमाला लागणाऱ्या खुर्च्या ठेवायला तरुणांचीच खोली! असा हिशोब मी दुकानातही कधी ऐकला नव्हता.

पोरं चिडली. "ताई, तुम्हीच बोला ना बैठकीत. तुमचं ऐकतील."

"माझं ऐकतीलही," ताई म्हणाली. "मग खोली माझी होईल. तुमची व्हायची असेल तर तुम्ही बोला."

"मी बोलेन की," लंबू म्हणाला.

"तू बोललास तर हॉलही जाईल," पुडी किटलीमागून म्हणाली. सगळे हसले. हसता हसता लंबू एकदम थांबला. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ए, हिला माइक कशाला हवाय? हिला काउंटर द्या!"

पुडी म्हणाली, "वेडा आहेस का? एवढं धूड उचलणार कोण?"

त्यावर सगळ्यांनी एकाच वेळी बाह्या वर केल्या.

बैठकीच्या संध्याकाळी माझी वरात निघाली. पुढे लंबू, मागे सायकलवाली टोळी, मधून ढोलवाला ताल धरतोय. हॉलच्या दारात मी असा अडकलो की ना पुढे, ना मागे. आत कमिटी बसलेली. अध्यक्ष उठून धावले.

"अरे, पितळेची बाजू वर करा! दुकानात मी असंच घेतलं होतं. हं, आता फळी उघडी ठेवा... थोडं तिरपं... आलं बघा!" स्वतः खांदा लावला गड्याने. मी आत आल्यावर घाम पुसत विचारलं, "पण हे आणलंत कशाला?"

तोवर पुडी फळी उचलून माझ्या मागे उभी राहिली होती. तिची बोटं माझ्या कडेवर टेकली होती. मग तिने कापडाने मला पुसून काढलं, जसं रोज पुसायची. आणि मान वर केली.

"या काका. बसा. काय दाखवू?"

अध्यक्ष बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पुढच्या बाजूला.

लंबूने एक गुंडाळी आणून माझ्यावर ठेवली. नाटकाचा पडदा होता तो. किती दिवसांनी अंगाला कापड लागलं हो! पुडीने ठाण फिरवावं तसा तो झटक्यात उलगडला. सगळ्यांनी मिळून त्यावर आपली वस्ती रंगवली होती, त्यांना दिसते तशी. दिवा नसलेलं वळण, जिथून मुली लांबचा फेरा घेऊन जातात. बागेतला बाक, जिथे पोरं टेकली की कुणीतरी हुसकावतं. पिवळीधमक मागची खोली. आणि मधोमध एक माणूस, तोंड हे एवढं मोठं, कान मुगाएवढे.

"हे कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

 लंबू पुटपुटला, "ते... ते घंटागाडीवाले."

"तुम्हीच आहात, काका," पुडी म्हणाली. "तोंड काढण्यातच कापड संपलं. कानांना उरलं नाही."

कमिटीतल्या काकू तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. पण माल हातात आला की सोडवत नाही हो व्यापाऱ्याला. त्यांनी पडद्याची कड चिमटीत धरून बघितली.

"रंग पक्का आहे?"

"धुऊन बघितलाय."

"हं. बोला, काय म्हणणं आहे?"

"खोली आमच्याकडे राहावी. रोज संध्याकाळी. किल्लीही आमच्याकडे."

"रविवारी घ्या. बाकी दिवस खुर्च्या."

"रविवारी कोण येतंय काका, तो तर झोपायचा वार! खुर्च्या इथेच भिंतीला रचून ठेवू, रचायचं आणि उचलायचं काम आमचं. आजवर तरी कोण करतंय?"

"बरं, आठवड्यातून तीन दिवस. किल्ली माझ्याकडे."

"तुमच्याकडे किल्ली म्हणजे तुमच्या गुडघ्यांना रोज फेरा. नको हो, मला बघवणार नाही."

"फार चढा भाव सांगतेस, पोरी. परवडत नाही." अध्यक्ष उठले. "चला, मी निघालो."

 लंबू हाक मारायला पुढे सरकला. पुडीने डोळ्यांनीच त्याला थोपवलं. ती शांतपणे पडदा गुंडाळू लागली. अध्यक्ष दारापर्यंत गेले. दारात थांबले. बाहेर डोकावून आकाश बघितलं. ऊन तर केव्हाच उतरलं होतं.

ताई दाराशी उभी होती. तिने बाजूला सरून वाट मोकळी करून दिली.

"ठेवू का बांधून, काका?" पुडीने विचारलं.

अध्यक्ष वळले. आधी गालात हसले, मग खदखदून. "कुणी शिकवलं तुला?"

"आईने. तीही तुमच्याच दुकानात कापड घ्यायची."

"तरीच! त्या बाईने मला कधी कमवू दिलं नाही." ते परत येऊन बसले. "रोज संध्याकाळी. किल्ली तुमच्याकडे. झालं ना?"

सौदा झाला होता. ढोलवाल्याने काठी उचललीसुद्धा. पण पुडी तशीच उभी होती. मग तिने फळीला हात घातला. सुताराने जीव लावून घडवलेली ती फळी, एवढ्या वर्षांनीही आवाज न करता वर गेली. आणि पुडी बाहेर आली. मधे मी नाही, किटली नाही, माइक नाही.

"अजून एक," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता. "याची घासाघीस नाही, म्हणून बाहेर येऊन सांगते. पुढच्या वेळी आमच्याबद्दल काही ठरवाल तेव्हा आमच्यातले दोघं खुर्चीवर बसलेले असतील. खुर्च्या मांडायला नाही. बसायला."

खरं सांगू? मी इतकी वर्षं समजत होतो, काउंटरचा मोठेपणा मजबुतीत असतो. त्या संध्याकाळी कळलं, सुतार मजुरीसाठी बोलत नव्हता.

अध्यक्षांनी कमिटीकडे बघितलं. काकू म्हणाल्या, "द्या हो. नाहीतर ही आपल्यालाही रंगवेल." सगळ्यांनी हात वर केले.

आता मी परत मागच्या खोलीत आहे. ज्याला बोलायला भीती वाटते, तो आधी माझ्या मागे उभा राहून चहा देतो. चहा देता देता बोलतो. आणि एक दिवस फळी उचलून पुढे जातो. परवा लंबूनेही माझ्या मागे उभं राहून दुसऱ्याचं पूर्ण ऐकायचा सराव केला. फार त्रास झाला बिचाऱ्याला.

अध्यक्षही चहाला येतात. खोलीला रंग लावायचा ठरला तेव्हा आले, आणि आल्या आल्या सांगू लागले, "मी सांगतो, मळखाऊ..." मग एकदम थांबले. माझ्या पितळी पट्टीवरून बोट फिरवलं. हळूच विचारलं, "तुम्हाला कोणता हवाय?"

"पिवळा!" सगळे ओरडले.

"लवकर मळेल रे."

"काका!"

"बरं, बरं. पिवळा." आणि मग स्वतःच ब्रश घेऊन बसले. कोपरा बरा रंगवला, फक्त गप्प बसून रंगवणं अजून जमत नाही.

तर मंडळी, माझ्याकडे विकायला आता काही नाही, फुकटचा सल्ला तेवढा आहे. तुमच्या घरी, दुकानी, ऑफिसात कुणी कोपरं टेकायच्या वयाचं आलं, तर कापड फाडण्याआधी त्यालाच रंग विचारा. आणि विचारून झाल्यावर थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

आणि तू, माझ्या मागे उभं राहून मघापासून ऐकणाऱ्या? चहा झाला ना पिऊन? कप विसळून ठेव. फळी हलकी आहे.