करवतीचे तीन काप

गुरुवारी सकाळी साडेनऊला खिजरचाचांनी आपल्या फाउंड्रीतून मॅनिफोल्ड आणलं. आफशीननं ते इंजिनावर धरलं आणि ते बसलं नाही.

मॅनिफोल्ड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची एक जाड पट्टी आणि तिच्यातून निघालेल्या चार नळ्या. बाहेरची हवा त्यांतून इंजिनाच्या चार सिलिंडरांत जाते. मधल्या दोन नळ्या जवळपास जागेवर होत्या. कडेच्या दोन मात्र बाहेर सरकल्या होत्या, दीड-दोन मिलिमीटर. तिथली बोल्टची भोकं निम्मी झाकली गेली होती.

"जरा दाबून बघ," अल्ताफ म्हणाला.

"अब्बा, हे काय खिडकीचं दार हाय व्हय?"

अल्ताफचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. तीस वर्षं तो शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधतो आहे. आफशीन त्याची मुलगी. इंजिनिअर झाली, पुण्यात चार वर्षं इंजिनांच्या चाचण्या घेतल्या आणि गेल्या वर्षी परत आली. मी ईरप्पा, राहायला गडमुडशिंगीत. धातू ओतायच्या आधी वस्तूचा लाकडी नमुना लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. ते करण्यात माझं आयुष्य गेलं. आता मी घरी पुस्तकं वाचत बसतो आणि अल्ताफनं बोलावलं की येतो. या मॅनिफोल्डची मापं मी काढून दिली होती. पॅटर्न मात्र आफशीननं कॉम्प्युटरवर आखून मशीनवर कापून घेतला होता.

वर्कशॉपच्या भिंतीवर जुनी मॅनिफोल्डं टांगलेली आहेत. पहिलं बिडाचं, एका कार्बोरेटरचं. चार नळ्यांना मिळून एकच तोंड, जे सिलिंडर जवळ असेल त्याला हवा-पेट्रोल जास्त मिळायचं. दुसरं अ‍ॅल्युमिनियमचं, दोन कार्बोरेटरांचं. त्या काळात अल्ताफ नुसत्या आवाजावरून पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू फिरवायचा आणि लोक बघायला उभे राहायचे. तिसरं इंजेक्शनचं. तिथं पेट्रोल किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवू लागला आणि अल्ताफ सहा महिने कुणाशी धड बोलला नाही. मग तोही शिकला. दर वेळी लोक म्हणाले, आता याच्यापुढं काय होणार? दर वेळी इंजिन तेवढंच राहिलं आणि ताकद वाढली.

समोरचं इंजिन आफशीनचं. सोळाशे सीसीचं, पण चालणार इथेनॉलवर, म्हणजे आपल्याच उसाच्या मळीतून निघणाऱ्या अल्कोहोलवर. पेट्रोलचं इंजिन हवा फार दाबली की आतून ठोकायला लागतं. इथेनॉलला चौदा पट दाब चालतो. शिवाय ते वाफ होताना हवेला गार करतं, आणि गार हवा सिलिंडरात जास्त मावते. इंधन दीडपट लागतं हे खरं. पण कागल-कोल्हापूरकडं ते काय कमी आहे?

कागलच्या बसवेशची शर्यतीची टीम आहे. या वर्षापासून शर्यतीत दोन नवे गट होते, एक इथेनॉलचा आणि एक बॅटरीवरच्या गाड्यांचा. कुठल्या गटात उतरायचं त्याचा फॉर्म शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरायचा होता. बसवेशनं आफशीनला स्पष्ट सांगितलं होतं, "ताई, एकशे ऐंशी हॉर्सपॉवर, वीस मिनिटं सलग. शनिवारी अकराला येतो. झालं तर दोन्ही गाड्यांना तुमचीच इंजिनं. न्हाय झालं तर बाहेरची तयार बॅटरीवरची मोटर बसवतो. राग मानायचा न्हाय."

जुन्या मॅनिफोल्डवर इंजिन एकशे पासष्टच्या वर जात नव्हतं. नवं मॅनिफोल्ड नाही तर आफशीनचं इंजिनच नाही, असा तो सरळ हिशेब होता.

"तुझ्या कॉम्प्युटरला इचार की काय झालं ते," अल्ताफ म्हणाला. "आमी लाकडात करत हुतो तवा बसायचं."

आफशीननं ओतीव तुकडा मोजला. पहिल्या नळीच्या मध्यापासून चौथीच्या मध्यापर्यंत २५५.३ मिलिमीटर. मग पॅटर्न मोजला, २५८.६. मग स्क्रीन उघडली. "माप २५५.३, वर आकसण्याचे हजारी तेरा. पॅटर्न २५८.६ यायला पायजे, तेवढाच हाय. ओतकाम बी बरोबर. मग चुकलं कुठं?"

खिजरचाचा लगेच म्हणाले, "माझ्या साच्याचं नाव घिऊ नको हां. चाळीस वर्षांत माझा साचा हललेला न्हाय."

"तुमचं न्हाय म्हणतीय चाचा. माझंच काय तरी चुकलंय."

मी स्क्रीनवरचा २५५.३ हा आकडा बघत होतो. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम गार होताना आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. आमच्या पॅटर्नखान्यात तयार वस्तूचं खरं माप कागदावर कुणी लिहीतच नसे. लिहिताना आकसण्याचं धरूनच लिहायचं, हाताला तीच सवय. इंजिनावरचं खरं माप २५२ होतं. मी वहीत २५५.३ लिहिलं होतं. आफशीननं ते खरं समजून त्यात पुन्हा हजारी तेरा वाढवले होते. ती नव्या रीतीनं बरोबर होती, मी जुन्या रीतीनं बरोबर होतो आणि मॅनिफोल्ड तीन मिलिमीटरनं मोठं झालं होतं.

हे कळायला मला एक क्षण लागला. बोलायला त्याहून जास्त वेळ लागला. अल्ताफ मुलीकडं बघत होता आणि ती मान खाली घालून पुन्हा पहिल्यापासून आकडे तपासत होती.

"आफशीन," मी म्हणालो, "चूक माझी हाय. मी आकसण्याचं धरून लिवलं हुतं. खरं माप दोनशे बावन्न."

अल्ताफ जोरात हसला. "म्हंजे अण्णा, तुमी बी मीठ घातलं आन् हिनं बी घातलं!"

"इचारायला पायजे हुतं मी," आफशीन म्हणाली.

"मी सांगायला पायजे हुतं."

"ते ऱ्हाऊ दे आता," खिजरचाचा म्हणाले. "पुढचं बोला. आज साडेतीनला भट्टी हाय. त्याच्या आत पॅटर्न आला तर वततो. न्हायतर सोमवार."

नवा पॅटर्न मशीनवर कापायचा तर मशीनवाला शनिवारशिवाय मोकळा नव्हता. अल्ताफनं कानस उचलली. "भोकं लांबवू. बोल्ट बसतील. वरनं कुणाला कळतंय?"

"इंजिनाला कळतंय," आफशीन म्हणाली. "कडेच्या दोन नळ्यांत हवा पायरीवर आपटणार. मधल्या दोन सिलिंडरांना जास्त, कडेच्यांना कमी. चौघं चार तऱ्हेनं तापणार. चौदाच्या दाबाला जे जास्त तापलं त्याचा पिस्टन गेला. ट्रॅकवर गेला तर बसवेशदादा काय म्हणतील?"

"मग काय करतीस?"

ती पुन्हा पॅटर्नकडं वळली. माझ्याकडं एक उत्तर होतं, पण ते इतकं साधं होतं की बोलावं की नाही कळेना. पॅटर्न ३.३ मिलिमीटरनं मोठा होता. चार नळ्यांच्या मध्ये तीन जागा. म्हणजे एका जागेत १.१. माझ्या बारीक दातांच्या करवतीचा काप बरोबर एक मिलिमीटर लाकूड खातो.

"करवतीनं तीन ठिकाणी कापला," मी म्हणालो, "आन् परत चिकटवला तर? एक मिलिमीटर काप खाईल, उरलेलं घासून काढायचं. म्हंजे... बघा, मला आपलं वाटलं."

आफशीननं माझ्याकडं बघितलं. मग कागद ओढून तीन रेघा मारल्या. "नळीची जाडी?"

"अर्धा मिलिमीटर जादा हाय. बाहेरनं घासायची. नळी पोकळ ठेवणारा आतला वाळूचा कोअर चाचा घासतील."

"घासतो की," चाचा म्हणाले.

"आन् लांबी आपल्या मिलिंग मशीनवर कापता येती." तिनं पेन्सिल टाकली. "कापा अण्णा."

"दुसऱ्या कुणी तरी कापलेलं बरं. माझा हात आता..."

"दुसरा कोण हाय कोल्लापुरात?" अल्ताफ म्हणाला. "सगळी बटणं दाबत्यात. बसा खाली."

करवत घरी होती. अल्ताफ मला स्कूटरवर मागं बसवून मुडशिंगीला घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आणलं. आफशीननं कापायच्या रेघा आखून ठेवल्या होत्या. तिनं पॅटर्न टेबलावरच्या पकडशेगड्यात आवळला आणि दोन्ही हातांनी धरला. पहिला काप मी फार सावकाश घेतला. करवत एकदा लाकडात शिरली की ती कुठं जाणार हे पहिल्या चार ओढींतच ठरतं, नंतर काही करता येत नाही. चार ओढी सरळ गेल्या. मग मला बरं वाटलं. दुसरा काप आणि तिसरा काप मी न थांबता घेतला.

घासून, जोडून, चटकन सुकणाऱ्या डिंकानं चिकटवून पॅटर्न मोजला तेव्हा साडेबारा वाजले होते. २५५.४. आफशीननं पुन्हा दोनदा मोजला.

"एक दशांश," मी म्हणालो.

"तेवढं धकतंय," ती म्हणाली.

डिंक पुरता सुकल्यावर अडीचला चाचा पॅटर्न घेऊन शिरोलीच्या फाउंड्रीत गेले. शुक्रवारी सकाळी ओतीव तुकडा आला, दुपारी मिलिंग झालं. संध्याकाळी आफशीननं मॅनिफोल्ड इंजिनाला लावलं आणि बोल्ट घातले. आठही बोल्ट बोटानं फिरवले तसे आत गेले. अल्ताफनं कानस कपाटात ठेवून दिली.

शनिवारी बसवेश अकराच्या आधीच आला. इंजिन डायनोवर होतं. इंजिनाला ब्रेक लावून त्याची ताकद मोजणारं ते यंत्र. काचेच्या अलीकडं आम्ही उभे, आफशीन खुर्चीत. स्क्रीनवर चारही सिलिंडरांच्या धुराचं तापमान वेगवेगळं दिसत होतं. ती ताकदीच्या आकड्याकडं बघतच नव्हती. फक्त ते चार आकडे.

इथेनॉलवर इंजिन गार असताना लवकर सुरू होत नाही. तीनदा नुसतंच फिरलं. बसवेशनं घड्याळ बघितलं. चौथ्यांदा पेटलं.

तिनं सावकाश वाढवत नेलं. चार हजार, सहा हजार, सात. काच थरथरू लागली. आठ हजारांवर तिनं लिव्हर पूर्ण पुढं केला आणि हात तसाच ठेवला.

"एकशे ब्याऐंशी," बसवेश मोठ्यानं म्हणाला.

"वीस मिनिटं म्हणालावता," आफशीन म्हणाली. "बसा."

ती वीस मिनिटं आमच्यापैकी कुणी बसलं नाही. अल्ताफ डोळे मिटून कान लावून उभा होता. बाराव्या मिनिटाला चौथ्या सिलिंडरचं तापमान बाकीच्यांपेक्षा वर चढायला लागलं. पाच अंश, सात, आठ. कडेचंच सिलिंडर ते. मला वाटलं, तो एक दशांश. आफशीननं हात हलवला नाही. आठवर ते थांबलं आणि तिथंच राहिलं.

"आठ चालतंय," ती म्हणाली. "वीसच्या वर गेलं असतं तर बंद केलं असतं."

विसावं मिनिट सरलं. आकडा एकशे ऐंशीच्या खाली एकदाही आला नव्हता. तिनं इंजिन उतरवत आणलं आणि बंद केलं. कान बधिर झाल्यामुळं आम्ही सगळे ओरडूनच बोलत होतो.

"ताई, दोन्ही गाड्या तुमच्या!" बसवेश म्हणाला. मग जरा थांबून, "पण पुढं मोटरच येणार की. तवा काय करणार?"

"येऊ दे की. मोटर बी तापती, तिला बी गार करायला लागतंय, तिला बी ओतीव घर लागतंय. ती बी बांधू. पर औंदा हे पळवा. चौदाच्या दाबाला थांबलोय व्हय आपण? पंधराचं डोक्यात हाय माझ्या."

बसवेशनं शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून इथेनॉलच्या चौकटीत खूण केली. "इंजिन कोणी बांधलं त्याचा रकाना हाय. अल्ताफभाई, तुमचंच नाव लिवतो. माणसं वळखत्यात."

"माझं?" अल्ताफ म्हणाला. "मी तर भोकं लांबवायला निघालोवतो. हिचं लिवा. पुरं लिवा."

आफशीन तोवर काचेपलीकडं गेली होती. गरम इंजिनावर वाकून ती चौथ्या सिलिंडरचा बोल्ट हात भाजू नये म्हणून फडक्यानं धरून बघत होती. "अण्णा, उजेडाला बॅटरी आणता का जरा?" तिनं आतून हाक मारली. "आठ अंश कुठनं आलं ते शोधू."

मी बॅटरी घेऊन आत गेलो.