हिनाच्या सायकलचा चिमटा

हिनाच्या नव्या सायकलची फ्रेम आणि चिमटा मी निवडायचा असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या त्या दांड्यांना चिमटा म्हणतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शाळेत असताना चालवलेली लेडीज सायकल आणि कडेवर दोन वर्षांची व्हायला आलेली, अजून अंगावर पिणारी लेक, एवढाच काय तो माझा अधिकार. पण निकाल सासूबाईंनी दिला होता, आणि आमच्या घरापुरतं तरी त्यांच्यावर कोर्ट नाही.

हिना माझी नणंद. वीस वर्षांची, काटकुळी, हसताना हात तोंडावर नेणारी. वटार गावातल्या आमच्या वाडीत मागच्या बाजूला केळी काढून टाकलेला एक तुकडा आहे. तिथे तिनं मातीचे उंचवटे रचलेत. एक चढ, मध्ये रिकामी जागा, पलीकडे उतार. सायकल चढावरून सुटते, रिकाम्या जागेवरून हवेतनं जाते आणि उतारावर टेकते. आमची माती रेताड, आकार धरत नाही, म्हणून तिनं शिकवणीच्या पैशांतून चांदीप गावाहून टेम्पोभर चिकणमाती आणवली. रोज संध्याकाळी ती त्या मातीला पाणी द्यायची, फावड्याच्या पाठीनं थोपटायची, वाकून बघायची, परत थोपटायची. पपा, म्हणजे माझे सासरे, केळीच्या पानाआडून म्हणायचे, "एवढी सेवा केळीची केली असती तर घड लागले असते."

नाताळच्या आधी ती पडली. जुनी बाजारातली सायकल, टेकताना चिमटाच वाकला. हनुवटीला टाके, पुढचा दात अर्धा. दवाखान्यातून आल्या आल्या सासूबाई म्हणाल्या, "बस झालं. उद्या ते ढिगारे सपाट करायचे."

"मम्मी, सायकल वाईट होती. मी नव्हते."

"सायकलला तोंड नाही म्हणून तिच्यावर ढकल."

"माझं तोंड फुटलं, तरी मी तिच्यावरच ढकलणार."

दाताला रडली नव्हती ती पोरगी. पण दुसऱ्या दिवशी पपा फावडं घेऊन मागे गेले, तेव्हा त्या उंचवट्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिथे मात्र तिला हुंदका आवरेना. पपांनी फावडं टेकवलं आणि सासूबाईंकडे बघितलं.  त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "एक अट. सायकल तू निवडायची नाहीस. तुला अक्कल असती तर दात असता. सगळं हिनं बघायचं. हिच्या कडेवर पोर आहे, ही धोक्याचं काही घरात आणणार नाही. आणि त्या सायकलवरनं एकदा जरी पडलीस, तर दुसऱ्या दिवशी इथे केळी."

माझा नवरा ऑस्टिन जहाजावर. त्याला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की लाइनच कट झाली.

मग मी शिकायला लागले. जोआनाला पाजताना एका हातात फोन, फोनवर फ्रेमा. ती दूध प्यायची थांबून पडद्यावरच्या चाकांकडे बोट करायची, "गोल," म्हणायची आणि परत प्यायची. हिनानं मला सोपं करून सांगितलं. "वहिनी, चाकं माझ्या मैत्रिणीकडे पडून आहेत. हँडल, पेडल जुनी चालतील. पैसे आहेत तेवढे दोनच गोष्टींत घालायचे. फ्रेम मजबूत आणि चिमटा ताठ. सुटताना आणि टेकताना सगळा मार तीच दोघं खातात."

पहिली फ्रेम बघायला आम्ही अर्नाळ्याला गेलो. स्टीवन नावाचा मुलगा, फ्रेम चकचकीत लाल. "नवीच समजा ताई. स्टील आहे, खास उड्या मारायचं. लाखात एक."

मी भुईगावची. समुद्र आमच्या घरापासून हाकेवर. खिडक्यांच्या गजांना दर नाताळला रंग लावायचा, वरून कसे आरशासारखे, आणि एक दिवस लहान मूल लोंबकळलं की गज हातात येतो. खारं वारं लोखंडाला बाहेरून हात लावत नाही, आत शिरून खातं. स्टीवन फ्रेमचं कौतुक सांगत होता, तेवढ्यात मी ती उचलली, सीटच्या दांड्याचं भोक खाली केलं आणि गदगदा हलवली. चहाच्या पावडरीसारखा तपकिरी भुगा त्यांच्या पुसलेल्या लादीवर पडत राहिला.

"तो रंग असेल," स्टीवन म्हणाला.

"आतून लावलेला?" हिनानं विचारलं.

आतून त्याच्या आईचा आवाज आला, "स्टीवन! आत्ता पुसली मी ती लादी!"

बाहेर आल्यावर हिना तोंडावर हात न नेता हसली. तुटका दात पहिल्यांदाच उन्हात दिसला. "वहिनी," म्हणाली, "मम्मीनं माणूस बरोबर निवडलं." मला जरा चढलीच.

दुसरी फ्रेम विरारला, पूर्वेला, समुद्रापासून लांब. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. कौस्तुभ नावाचा इंजिनियर, गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून सगळं विकायला काढलेलं. फ्रेम भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, जशी कुणी तसबीर लावावी. गडद हिरवी, बुटकी, पुढून मागे उतरत गेलेली. दिसायला काहीच नाही. मी हलवली. आतून शब्द नाही. हिनानं सांगितलं होतं की तडा गेला असेल तर आधी जोडाजवळच्या रंगावर रेघ उमटते, म्हणून मी फोनचा दिवा लावून एकेक जोड बघितला. केसाएवढीही रेघ नव्हती. मग नुसतीच धरून उभी राहिले. जोआनाच्या निम्म्याही वजनाची नव्हती. या चार नळ्या एका अख्ख्या माणसाला आभाळातून परत आणणार, आणि हे त्यांनी आधी कितीदा केलं असेल, असं मनात आलं.

"ही घ्यायची," मी म्हणाले. हिनानं श्वास सोडला.

चिमटे दोन होते. एक साधा, काळा, दोन सरळ नळ्या. दुसरा सस्पेन्शनचा, सोनेरी पायांचा. कौस्तुभनं तो जमिनीवर उभा करून दाबायला सांगितलं. दाबला, तर अलगद खाली बसला आणि अलगद वर आला. माझ्या खांद्यांवरचं ओझंच उतरलं. मला हिनाची हनुवटी दिसत होती, ते टाके, आणि हे असं काहीतरी मऊ तिच्या आणि जमिनीच्या मध्ये असणार होतं.

"हाच," मी म्हणाले.

"वहिनी, तो उडीला चालत नाही. मला साधा पाहिजे."

"का? गादीसारखा आहे की."

"म्हणूनच."

मी कौस्तुभकडे बघितलं. त्यानं मान खाजवली. "हा तसा डोंगरातल्या वाटांसाठी. दगडधोंड्यांवर मस्त. जम्पला पण वापरतात काही जण. तुम्ही न्या, नको वाटला तर रविवारपर्यंत साधा बदलून देईन. मला दोन्ही सारखेच."

 पुढे बोलायचा हक्कच नव्हता हिनाला, आणि ते मला त्या दिवशी सोयीचं वाटलं.

घरी सासूबाईंनी चिमटा तीनदा दाबून बघितला. "बघ," हिनाला म्हणाल्या, "पोरवाली बाई आणते ते असं." हिनानं तो फडक्यानं पुसला आणि भिंतीशी ठेवला. त्या संध्याकाळी ती मातीला पाणी द्यायला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि जोआना पलंगावर उभी होती. काही दिवसांपासून तिनं एक नवीन खूळ घेतलं होतं. गुडघे वाकवायचे, दोन्ही मुठी आवळायच्या, "उंच!" ओरडायचं आणि सरळ व्हायचं. उडी तिला अजून येत नव्हती. त्या सकाळी तिनं फोमच्या गादीवर जोर केला. जोर केला तशी गादी तिच्या पायांखाली खोल गेली, पाय खालीच राहिले, आणि डोकं पुढे. थेट तोंडावर. मी उचललं, फुंकर घातली, रडं थांबवलं, परत ठेवलं. परत तेच. गुडघे, मुठी, "उंच!", आणि नाक गादीत.

तिसऱ्यांदा मी तिला गादीवर ठेवलंच नाही. खाली लादीवर उभं केलं, स्वतः समोर उकिडवी बसले, दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना धरले. तिनं मुठी आवळल्या. गुडघे वाकवले. आणि गार, कडक लादीनं तिचा जोर कुठेही न सांडता तिला परत दिला. दोन्ही टाचा उचलल्या, मग बोटं. तिच्या पायांखालून पलीकडच्या खुर्चीचा पाय दिसला मला. बोटभर असेल, नसेल. पण माझी मुलगी जमिनीला कुठेही लागलेली नव्हती.

टेकली तीसुद्धा उभीच. तिला स्वतःलाच कळेना काय झालं. आपल्या पायांकडे बघत राहिली. मीही बघत राहिले. नऊ महिने पोटात, मग छातीशी, मग कडेवर, आजवर कुणी ना कुणी किंवा काही ना काही तिला धरून होतं. ही पहिली वेळ होती की तिला कशानंच धरलेलं नव्हतं.

तिला तशीच उचलून मी हिनाच्या खोलीत गेले.

"चढावरून सुटताना तू सायकल खाली दाबतेस का?"

हिना अंथरुणातच होती. "हो. दाबायची आणि सोडायची. त्याच्यानंच तर वर जाते."

"मग तो सोनेरी चिमटा खाली बसेल."

"बसेल. माझा सगळा जोर स्प्रिंग खाणार. सायकल वर येणार नाही, आणि पुढचं चाक आधी खाली जाणार."

"तोंडावर."

"तोंडावर."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती उठून बसली. "सांगितलं होतं, वहिनी. तू म्हणालीस, गादीसारखा आहे."

खरं तर तिला सांगून भागणार नव्हतं, सासूबाईंना सांगायचं होतं. त्या स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होत्या. मी म्हणाले, "मम्मी, चिमटा बदलतेय. साधा आणतेय. कडक."

सुरी थांबली. "तिनं पढवलं तुला?"

"नाही. जोआनानं."

मी सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून जोआनाला खाली उभं केलं. तिनं अर्थातच उडी मारली नाही, बोंबील मागितला.

"आणि टेकताना?" सासूबाई म्हणाल्या. "कडक लोखंडावर हात राहतील का तिचे?"

"सपाटीवर टेकत नाही ती. उतारावर टेकते. उतार तिला झेलतो, चिमट्यानं फक्त वाकायचं नाही."

"आणि पडली तर?"

"तर केळी मी लावीन. माझ्या हातानं."

  सासूबाई बोंबलाचं डोकं उडवत म्हणाल्या, "रविवारी. मिस्सा झाल्यावर. मी बघायला येणार."

रविवारी चर्चमधून आलो ते कपडेही न बदलता सगळे मागे गेलो. सासूबाईंच्या हातात अजून जपमाळ. पपा हात मागे बांधून. मी जोआनाला घेऊन उताराच्या बाजूला, जिथून दोन्ही टोकं दिसतात. हिनानं हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघितला. ती हिरवी बुटकी फ्रेम, तो काळा साधा चिमटा, वर कसलीच शोभा नाही. एवढंच का, असं पाहणाऱ्याला वाटावं.

आधी ती छोट्या उंचवट्यावरून दोनदा गेली. मग लांब, नारळापर्यंत मागे गेली आणि वळली.

येताना ती पेडल मारत होती तोवर ती आमची हिना होती. चढाच्या पायथ्याशी ती सायकलवर बसली नव्हती आणि उभीही नव्हती, मांजर दबा धरते तशी वाकली होती. चढावर तिनं दोन्ही हातापायांनी सायकल मातीत दाबली. चिमटा तसूभर हलला नाही. मग चढ संपला.

आणि आवाज बंद झाले. माती, साखळी, पेडल, काही नाही. फक्त मागच्या चाकाची बारीक टिकटिक. पुढचं चाक माझ्या डोळ्यांच्या रेषेत आलं आणि त्याच्याही वर गेलं. तिच्यामागे पलीकडच्या केळीची पानं होती, तिच्याखाली नुसती मोकळी जागा होती. तिथे वर ती घाईत नव्हती. शपथेवर सांगते, तिनं तिथे वर असताना मान जराशी वळवून खाली बघितलं, जसं आपण गॅलरीतून बघतो. जोआनानं माझ्या कडेवरून वर बोट केलं. 

मग दोन्ही चाकं एकत्र उतारावर. थप्प. ओल्या मातीवर तळहात मारावा तसा एकच आवाज, आणि ती आमच्यासमोरून घसरत, उभी, अख्खी, पार कुंपणापर्यंत गेली.

 पपा खाली गेले, उताराची कड पायानं चाचपली. "इथे माती सुटतेय," म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. "संध्याकाळी पाणी जास्त मार."

हिना सायकल ढकलत आली. हेल्मेट काढलं, चेहरा घामानं भिजलेला, आईकडे बघत उभी राहिली.

"झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं म्हणजे? तू बघितलं नाहीस?"

"मी डोळे मिटले होते." सासूबाईंनी जपमाळ मनगटाला गुंडाळली, साडीचा पदर खोचला आणि चार पावलं पुढे येऊन अगदी उताराशी उभ्या राहिल्या. "परत कर."

हिना मागे वळली, नारळापर्यंत गेली. या वेळी मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी सासूबाईंकडे बघत होते. टिकटिक सुरू झाली तशी त्यांची मान वर होत गेली, वर, आणखी वर, तोंड उघडं राहिलं. "गं बाय," त्या म्हणाल्या.