भिंतीकडे वळवलेली टेबलं

हॉस्पिटलच्या धुलाईघरात सुपरवायझर बाईंना त्यांच्या पाठीमागे सगळे ‘टापटीप’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. लोकांनी ‘कटकट’ म्हटलं असतं, ‘खडूस’ म्हटलं असतं. त्यापेक्षा टापटीप काय वाईट? चादरीची घडी जरा तिरकी दिसली की ती उलगडून पुन्हा घालायला लावी. घरी दोरीवर नवऱ्याचा टॉवेल वाकडा दिसला तरी तिचा जीव खालीवर होई. नवऱ्यानं बिचाऱ्यानं टॉवेल वाळत घालणंच सोडून दिलं होतं.

धुलाईघरात तिला आणलं तिच्या नणंदेनं. वन्सं नवऱ्याच्या मोठ्या बहीण, लग्न न केलेल्या, भावाच्या घरात राहणाऱ्या, आणि धुलाईघरात घड्या घालायच्या कामावर जुन्या. ही नवी सून घरात आली, दिवसभर एकटीच बसू लागली, तेव्हा “भिंतींशी बोलत बसणार आहेस का?” म्हणत वन्संनी तिला सरळ हाताला धरून तिथं नेलं. तेव्हाच्या सुपरवायझरला सांगितलं, “हिला घ्या. माझ्यापेक्षा हिचं डोकं चालतं.” ते इतकं चाललं की काही वर्षांत ही सुपरवायझर झाली आणि वन्सं हिच्या हाताखाली आल्या. दुसरी कुणी असती तर जळून खाक झाली असती. वन्सं मात्र भेटेल त्याला थांबवून सांगत सुटल्या, “आमच्या घरची आहे हो सुपरवायझर!” कामावर त्या तिला ‘बाई’ म्हणत आणि घरी आल्या की ‘अगं ए’.

तर या टापटीपला हॉस्पिटलनं संध्याकाळच्या एका अभ्यासक्रमाला पाठवलं. तिथल्या सरांचं म्हणणं साधं होतं. मोठ्या गप्पा नकोत, म्हणाले. आपल्याच कामाच्या जागी एक अडचण शोधा, ती सोडवून बघा, आणि आधी काय होतं, नंतर काय झालं ते सगळ्यांपुढे मांडा. याला कृतिसंशोधन म्हणायचं. शब्द जड होता, पण टापटीपला तो लगेच आवडला. शाळा अर्ध्यावर सुटलेली बाई ती. आपण संशोधन करतोय, एवढ्यानंच तिचे पाय जमिनीवर राहिनात.

अडचण शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. मोठ्या चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची, ही तिथली रीत. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन टोकं धरायची, चादर ताणून एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि एकीनं आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची. आता समोरासमोर आलेल्या बायका गप्प बसतील? सुनेचं, सासूचं, वॉर्डातल्या डॉक्टरचं, सगळं तिथं व्हायचं. त्यातही वन्संची जोडीदारीण म्हणजे कहर. तिला सगळे ‘रेडिओ’च म्हणत. अखंड बडबड, आणि बोलताना तोंड एवढं फाकवायची की दातांच्या डॉक्टरला वेगळं सांगायला नको. टापटीप घड्याळ घेऊन कोपऱ्यात उभी राहिली आणि बघत राहिली. घडीला वेळ लागतच नव्हता. वेळ खात होत्या त्या गप्पा.

मग तिनं शक्कल लढवली. भिंतीवर दांड्या ठोकून घेतल्या, दांड्यांना घट्ट चिमटे लावले. दोन टोकं चिमट्यात अडकवायची, दोन आपण धरायची. घडी एकटीनं होते, जोडीदारीण लागतच नाही. घड्या रचायची टेबलं मधोमध होती, ती उचलून दांड्यांखाली भिंतीला लावली. आता प्रत्येकीचं तोंड भिंतीकडे आणि पाठ खोलीकडे.

बदल करायच्या आधी विचारायचं असतं, असं सर शिकवत. टापटीपनं विचारलंही. चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा केलं, मशीनच्या घरघरीतच घसा ताणून सगळं समजावलं आणि शेवटी म्हणाली, “कुणाची काही हरकत? मनात ठेवू नका, आत्ताच बोला.” बायका कपात बघत बसल्या. रेडिओ काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात वन्संनीच मान डोलावली. “चांगलंय की. करू या.” घरच्याच बाईनं होकार दिल्यावर बाकीच्या कशाला वाईटपणा घेतील? सगळ्यांनी माना हलवल्या. टापटीपला वन्संचा इतका अभिमान वाटला की विचारू नका.

आणि जमलं की हो! चादरी वेळेआधी वॉर्डात पोचू लागल्या. नर्सबाईंची तक्रार थांबली. सर स्वतः येऊन दांड्या बघून गेले, चिमटे उघडून-मिटून बघितले आणि वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले, “कामगारांना विचारून केलेला बदल म्हणजे काय, ते यांच्याकडून शिका.” हॉस्पिटलचे अधीक्षक तर दुसऱ्या शाखेतही अशाच दांड्या ठोकायच्या गोष्टी करू लागले. टापटीप त्या दिवसांत आरशात जरा जास्तच वेळ बघायची.

एक गोष्ट तिच्या नजरेला आली होती. वन्संचं काम मंदावलं होतं. त्या सारख्या मागं वळून बघायच्या, दाराकडे, मशीनकडे, बाकीच्या बायकांकडे. टापटीपला वाटलं, जुनी खोड, गप्पांची सवय जात नाही. एकदा तिनं कामावर असताना टोकलंही, “वन्सं, भिंतीकडे बघा, भिंतीकडे.” वन्सं ओशाळून हसल्या. त्यानंतर त्या खरंच वळेनाशा झाल्या.

पुढच्याच आठवड्यात घात झाला. मशीन मधेच अडकलं की खळबळणं राहून जातं आणि चादरी साबण न निघताच वाळून बाहेर येतात. तिला तिथं कच्ची खेप म्हणतात. दिसायला ती पक्क्या खेपेसारखीच असते, म्हणून मशीनवाला गाडा आत ढकलताना ओरडून सांगतो, “कच्ची आहे, हात लावू नका!” त्या दिवशी तो नेहमीसारखाच ओरडला. सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करूनच थांबल्या. वन्संच्या बाजूला गाडा येऊन लागला, आणि त्यांनी वरची चादर उचलून चिमट्याला अडकवली. नेमकी रेडिओ तेव्हा वॉर्डात कपडे पोचवायला गेली होती. त्या चादरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेल्या. दोन तान्ह्या बाळांच्या अंगाला साबण लागून कातडी लालभडक झाली.

बाळं मलमानं बरी झाली, पण वॉर्डच्या मुख्य नर्सबाई धुलाईघरात येऊन चार लोकांत टापटीपला नको नको ते बोलून गेल्या. टापटीपचा पारा चढला. एवढं नाव झालं होतं, सरांनी पाठ थोपटली होती, आणि घरच्याच माणसानं माती करावी? ती तरातरा वन्संच्या टेबलाकडे गेली आणि त्यांच्या पाठीमागे उभी राहून गरजली, “मशीनवाला बोंबलत होता ना? कान फुटलेत का तुमचे?”

वन्संनी उशीची एक खोळ घेतली, टेबलावर ठेवून सरळ केली, घडी घातली. मग दुसरी घेतली. त्यांच्या मानेवर, खांद्यावर, कशावरच काही उमटलं नाही. बाकीच्या बायका हातातलं काम टाकून वळून बघू लागल्या, मशीन तेवढं चालू होतं.

तेवढ्यात रेडिओ पुढं आली आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू बोलली. “बाई, नका ओरडू. त्यांना नाही ऐकू येत. उजवा कान कधीचाच गेलाय, डाव्यातही काही राहिलं नाही. मी समोर असले की माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळायचं. कुणी काय सांगितलं, कच्ची की पक्की, सगळं मीच सांगायचे.”

“मग मला का नाही सांगितलं कुणी?”

“ऐकू न येणाऱ्याला मशीनपाशी ठेवायचं नाही, हा नियम तुम्हीच तर भिंतीवर लावलाय.”

वन्सं तेव्हा सहज वळल्या. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी हातातली खोळ खाली ठेवली आणि पदरानं हात पुसले, ओले नसतानाही.

अधीक्षकांनी दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला. चूक कुणाची, एवढंच त्यांना हवं होतं. टापटीप रात्रभर मनाशी घोकत होती: सांगायचं, साहेब, चूक माझ्या मांडणीची आहे. मी माणसांना भिंतीकडे वळवलं आणि ज्या गप्पांना मी वेळेची नासाडी म्हटलं त्यात कामाचंच बोलणं होतं, हे मला दिसलं नाही. सकाळी ती दारापर्यंत गेलीही. पण दाराशी उभं राहिल्यावर तिला एक पळवाट सापडली. मांडणीची चूक म्हणायचं तर वन्संचा कान सांगावा लागणार. कान सांगितला की नियमाप्रमाणे त्यांना काढणार. म्हणजे गप्प राहण्यात वन्संचंच भलं आहे, नाही का? किती छान जमलं होतं! सर तोंडघशी पडणार नाहीत, दांड्या उतरवाव्या लागणार नाहीत, आणि वर आपण वन्संसाठीच गप्प बसलो असंही म्हणता येईल. तिनं आत जाऊन सांगितलं, “चौकशी चालू आहे साहेब. उद्या सांगते.” बाहेर आल्यावर तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःची किळस आली. पण उलट पावली ती आत गेली नाही.

उद्याची गरजच पडली नाही. दुपारी अधीक्षकांनीच बोलावून घेतलं. “तुमच्या नणंद येऊन गेल्या,” ते म्हणाले. “वय झालं, लक्ष राहत नाही, माझ्याच हातून घडलं म्हणाल्या. स्वतःहूनच काम सोडलंय. बाई भली आहे हो. तुमच्या दांड्यांचा काही दोष नाही हेही तीनदा सांगून गेल्या. आता त्या दुसऱ्या शाखेचं मनावर घ्या.”

तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. टापटीप म्हणाली, “बरं साहेब.”

घरी आली तर वन्सं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मटार सोलत होत्या, जसं काही सुट्टीच घेतलीय. टापटीपनं पर्स टाकली, त्यांच्या समोर येऊन बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“का केलंत असं, वन्सं?”

“अगं, आज ना उद्या जायचंच होतं. रेडिओ तरी किती दिवस माझं ओझं वाहणार?” वन्संनी एक शेंग तिच्या हातात दिली. “रडू नको. तुझं नाव चांगलं झालंय, ते तसंच राहू दे.”

टापटीपला एकच गोष्ट विचारायची होती. दोन दिवस ती तेच धरून बसली होती. “त्या दिवशी चहाच्या वेळी मी विचारलं, हरकत आहे का म्हणून. तुम्ही हो म्हणालात. तुम्हाला ऐकूच आलं नव्हतं ना?” ऐकू आलं नव्हतं एवढं वन्संनी म्हणावं, इतकीच तिची इच्छा होती. मग ती चूक राहिली असती, साधी घाईची चूक, आणि तिला कसंबसं जगता आलं असतं.

“नव्हतं आलं,” वन्सं म्हणाल्या. टापटीपचा श्वास सुटला. “पण काय चाललंय ते ठाऊक होतं की. आदल्या दिवशी सुतार मापं घेऊन गेला, तेव्हाच त्याच्याकडून काढून सगळं सांगितलं होतं रेडिओनं. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, जोडीनं काम बंद. ती तर भांडायलाच निघाली होती तुझ्याशी. मीच गप्प बसवलं तिला.”

“मग मला का नाही अडवलंत? मला काय ठाऊक तुमच्या कानाचं!”

वन्संचे हात थांबले. त्या तिच्याकडे नवलानं बघू लागल्या.

“तुला ठाऊक नव्हतं?”

“कसं असणार?”

“अगं, घरात तू मला पाठमोरी कधी हाक मारतेस? हातातलं काम टाकून समोर येतेस, हात लावतेस, मी बघितलं की मगच बोलतेस. आत्तासुद्धा तशीच बसलीस. वर्ष झालं असेल. तुझा नवरा बोंबलत बसतो तिकडून, तू नाही. मी म्हटलं, हिनं ओळखलंय, आणि मला लाज वाटू नये म्हणून बोलत नाहीये. फार बरं वाटायचं मला.” त्यांनी सोललेले मटार बाजूला सारले. “म्हणून टेबलं वळवलीस तेव्हा काही बोलले नाही. वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे, म्हणजे हिनं माझा विचार करूनच ठरवलं असणार. कामाचंही बघावं लागतं तिला. खरंच ठाऊक नव्हतं तुला?”

टापटीपनं तोंड उघडलं. नव्हतं म्हणावं तर तिचा हात अजून वन्संच्या गुडघ्यावर होता. होतं म्हणावं तर तिचं तिलाच ते कधी कळलं, सांगता येईना. आणि वन्सं तिच्या ओठांकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या.