गादीवाल्याच्या लेकीची चड्डी

मी एक जुनी, विटलेली, सायकलवर घालायची चड्डी आहे. हसू नका, मित्रांनो! माझ्या आत एक पातळशी गादी शिवलेली आहे आणि तिच्यापायी मी जे पाहिलं, ते आठवलं की आजही थक्क होते.

खामगावच्या दुकानात माझ्याहून गुबगुबीत चड्ड्या पुष्कळ होत्या. वरवट बकाल गावच्या, सायकल शर्यतीत उतरणाऱ्या राबियाने एकेक घालून पाहिली, सायकलवर बसल्यासारखी वाकली. बाकीच्या मांडीशी गोळा झाल्या, मी अंगाला नीट बसले. तिने मलाच घेतलं.

तिचे अब्बा जाकीरचाचा कापूस पिंजून गाद्या भरणारे. त्यांनी मला चिमटीत धरलं. "एवढीशी गादी? अन् गादीवाल्याची पोरगी हिच्यावर बसन?"

त्या साली गुलाबी अळीने बीटी कपाशीची बोंडं पोखरली होती. गावात येईल तो कापूस पिवळा, किडका. पण राबियाच्या लग्नात द्यायच्या गादीसाठी चाचांनी आधीचा पांढराशुभ्र कापूस जपून ठेवला होता. त्यातलाच मूठभर त्यांनी पिंजला आणि माझी शिवण उसवून आत भरला. काय ते हात! कापूस लाहीसारखा फुलला. एवढी माया माझ्या वाट्याला आली म्हणून मीही फुगून गेले.

सरावासाठी सायकलने संग्रामपूरला जाऊन येईतो घामाने त्या कापसाचे गोळे झाले. राबियाच्या मांड्या सोलवटल्या. जिल्ह्याची शर्यत तोंडावर आलेली आणि पोरीला ओट्यावर टेकवेना. तरी अब्बांना वाईट वाटेल म्हणून ती गप्प! शेवटी चाचांनीच विचारलं, "लंगडून काऊन राह्यली वं?"

"अब्बा, कापूस टोचते."

चाचा हबकले. त्यांच्या कापसाला उभ्या जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं. मग त्यांनी चष्मा लावला, शिवण पुन्हा उसवली आणि कण न् कण वेचून काढला. "गादी निजणाऱ्याले लागते, बेटा. तुले त पुढं जाचं हाय," ते म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी सातपुड्याकडचा वारा समोरून येत होता. राबिया अशी सुटली की मीच श्वास रोखून धरला. राज्याच्या शर्यतीसाठी तिची निवड झाली. लोक तिचा नंबर विचारत होते, चाचा मात्र तिची चाल बघत होते. ती सरळ चालत आली.

मित्रांनो, आम्हाला निवडताना जाडीला भुलू नका, वाकून बसून बघा. घामेजलेलं ठेवू नका, धुऊन सावलीत वाळवा. आणि कुणी मायेने दिलेलं टोचलं, तर गप्प राहू नका, सांगा. खरी माया करणारा आपल्या हाताने शिवण उसवतो. मी पाहिलंय.